आत्या केवढी

वसंतराव मास्तरांनी गुरुवारी सातवीच्या वर्गाला अणू शिकवला, मधला शुक्रवार सुटीचा गेला, आणि शनिवारी शाळा भरेपर्यंत अर्ध्या नांदेडात त्यांचं नाव पोकळमास्तर पडलं होतं. नावं पाडण्यात नांदेडकरांचा हात धरणारं कोणी नाही. माणूस स्टेशनावर उतरून टांग्यात बसेपर्यंत त्याला दुसरं नाव मिळालेलं असतं. वसंतराव दोन वर्षं नुसतेच मास्तर राहिले होते, हेच खरं म्हणजे नवल.

धडा तसा चांगलाच रंगला होता. नदीकाठचा किल्ला पोरांच्या रोजच्या पाहण्यातला. "समजा, अख्खा किल्ला म्हणजे एक अणू," वसंतराव म्हणाले होते. "त्याच्या बरोबर मधोमध ज्वारीचा एक दाणा ठेवला. तो अणूचा गर. सगळं वजन त्या दाण्यात. आणि तटाच्या कडेकडेनं धुळीचे दोन-चार कण गरागरा फिरून राहिलेत, ते विद्युत्कण. बाकी किल्ला? बाकी सगळा रिकामा! हा फळा, ही भिंत, तुम्ही, मी, सगळे आतून रिकामे. ती रिकामी जागा काढून टाकली तर अख्खं नांदेड एका चिमटीत मावेल."

पोरं खूश झाली. आपण, हेडमास्तर, गावचे पोलीस अमीन आणि त्यांचा घोडा असे सगळे मिळून एका चिमटीत, हे कोणाला आवडणार नाही? तेवढ्यात मागच्या बाकावरून उमरीचा भुजंग उठला. शेतकऱ्याचा मुलगा, अंगानं दांडगा, नात्यातल्या कोणाकडे राहून शिकत होता. तो म्हणाला, "मास्तर, समदं रिकामंच हाय तर माझा हात भितीत का जाईना?" आणि सांगून भागेना म्हणून त्यानं भिंतीवर फाडकन पंजा मारून दाखवला.

वर्ग खदखदून हसला. वसंतराव हसले नाहीत, कारण त्यांना उत्तर येत नव्हतं. हैदराबादेस कॉलेजात त्यांनी सगळं उर्दूतून पाठ केलं होतं. अणूला जौहर, त्याच्या गराला मरकज़ा, विद्युत्कणाला बर्क़िया. परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती. पण आपला स्वतःचा हात भिंतीला लावून पाहावा, हे काही त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. "ते पुढच्या इयत्तेत येईल," असं त्यांनी ठोकून दिलं आणि घंटा झाली. पुढच्या इयत्तेत तसलं काहीही नव्हतं.

एरवी एवढ्यावर मिटलं असतं. पण शनिवारी शाळेचे चिटणीस शेषेराव वकील टोपी सावरत आले आणि त्यांनी वसंतरावांना बाजूला घेतलं. शाळा खाजगी होती, मराठी होती, तरी तिथला मास्तर मुस्तकिल, म्हणजे कायम व्हायचा तर तालीमात, म्हणजे शिक्षण खात्याच्या मुहतमिमसाहेबांची, मोठ्या तपासनिसांची तपासणी आणि त्यांचा शेरा लागे. वसंतराव अजून हंगामी होते. साहेब येत्या बुधवारी येणार होते.

"धड्याचं टाचण मी आधीच वर धाडलंय," शेषेराव म्हणाले. "ते तुम्हाला हाच अणू पुन्हा शिकवायला लावणार. साहेब स्वतः सायन्स शिकलेले आहेत म्हणे. किताबात आहे तेवढंच बोला. मागच्या साली भूगोलाचे मास्तर किताबाबाहेर गेले, ते अजून बाहेरच आहेत."

शेरा वाईट पडला तर वसंतरावांसाठी रायचूरला एका शाळेत जागा होती. जागा चांगली होती, पण रायचूर रायचुरात होतं. आणि आत्या नांदेड सोडायची नाही. ती विधवा होऊन नांदेडला आली होती, आणि वसंतरावांना आठवतं तेव्हापासून तिची गंगेची आंघोळ चुकली नव्हती. नांदेडात गोदावरीला गंगाच म्हणतात. ताप असो, पूर असो, घाट पाण्याखाली असो, वरच्या पायरीवर बसून का होईना, ती बुडी मारून येई. आता म्हातारपणी तिला रायचूरला चल म्हणणं म्हणजे देवळातल्या मूर्तीला चल म्हणण्यासारखं होतं. म्हणजे रायचूरला जायचं तर एकट्यानं, आणि आत्याला त्या दोन खोल्यांत एकटं ठेवून. ह्या कल्पनेनंच वसंतरावांना जेवण जाईनासं झालं.

ही आत्या म्हणजे सरस्वतीबाई. वसंतराव सहा वर्षांचे असताना कंधारला पटकीत आई-वडील दोघंही आठवड्याच्या आत गेले, तेव्हा हिनं बैलगाडी करून पोराला नांदेडला आणलं. घाटावरच्या राममंदिराचा दोन्ही वेळचा नैवेद्य तिच्या हातचा असे आणि त्यावर दोघांचं पोट चाले. नैवेद्याचा स्वयंपाक म्हणजे कडक सोवळं. नदीवर न्हायचं, ओलेत्यानं घरी यायचं, उंच दांडीवर वाळत घातलेलं आलवण काठीनं खाली ओढून नेसायचं, आणि मग नैवेद्य देवळात पोचेपर्यंत कोणी म्हणजे कोणी शिवायचं नाही. दुपारी जरा कुठं सुटका व्हायची, तर तोवर संध्याकाळच्या आंघोळीची वेळ झालेली असायची.

सहा वर्षांच्या वसंताला हे कळायला फार दिवस लागले. आई गेलेलं पोर, त्याला कोणाच्या तरी मांडीत शिरायचं असे. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत धावत जाई आणि आतून आवाज येई, "अंहं, तिथंच! दोन हात लांब." तो तिथंच बसे. आत्या चुलीशी, तो उंबऱ्याशी, मधे शेणानं सारवलेली दोन हात जमीन. आठव्या वर्षी त्याला गोवर निघाला, तेव्हा आत्यानं सोवळ्याच्या काठीला विंझणा बांधला आणि सगळी दुपार तेवढ्याच अंतरावरून वारा घातला. काठी धरून तिचे खांदे भरून आले असतील, हे वसंतरावांना मोठेपणी सुचलं. तेव्हा मात्र तिनं कपाळावर हात ठेवावा म्हणून तो रडत होता, आणि तिनं ठेवला नव्हता. ती गोष्ट त्यांच्या मनात कुसळासारखी राहून गेली होती. आत्यानं आपल्याला वाढवलं, शिकवलं, सगळं केलं, पण जवळ काही घेतलं नाही, असं त्यांना वाटे आणि तसं वाटलं म्हणून पुन्हा स्वतःचीच लाज वाटे.

सोमवारी दुपारी वसंतराव माजघरात भिंतीला तळहात लावून उभे होते. कधी हलकेच दाबत, कधी कान लावत.

"काय करून राहिलास रे भिंतीशी?" आत्यानं आतून विचारलं.

"आत्या, ही भिंत आतून जवळजवळ रिकामी आहे."

"असं? मग तुझा हात कोण अडवून राहिलंय?"

"तेच तर मला कळेना."

"मग रिकामी आहे हे तुला कोणी सांगितलं?"

वसंतरावांनी तिला सांगितलं. विलायतेत सोन्याच्या पातळ पत्र्यावर बारीक बारीक, पण फार वेगाच्या गोळ्या मारल्या. गोळ्या बहुतेक सगळ्या आरपार गेल्या. क्वचित एखादीच आपटून मागं फिरली. म्हणून ठरलं की आत बहुतेक जागा रिकामी असणार.

आत्यानं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गोळी आरपार गेली म्हणजे जागा रिकामी? मोठे शहाणे दिसतात." आणि भाकरी तव्यावर टाकली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता.

मंगळवारी सकाळी मात्र भलतंच घडलं. भलतं म्हणजे रोजचंच, पण वसंतरावांनी ते त्या दिवशी पाहिलं.

त्यांच्या गल्लीच्या दुसऱ्या टोकाला रुक्मिणबाई राहत. त्याही विधवा, त्याही सोवळ्याच्या, पण त्या वैष्णवांतल्या आणि आत्या स्मार्तांतली. रुक्मिणबाईंच्या मते स्मार्तांचं सोवळं म्हणजे नुसतं ओलं लुगडं. आत्याच्या मते वैष्णवांचं सोवळं म्हणजे नुसती मुद्रा. दोघी एकमेकींशी गोड बोलत, पण एकीला दुसरीचा पदर लागला असता तर दोघींनीही पुन्हा नदी गाठली असती. त्या दिवशी आत्या न्हाऊन भरली घागर घेऊन वर येत होती आणि रुक्मिणबाई घरीच न्हाऊन, ओलेत्यानं आपली घागर घेऊन खाली देवळाकडे निघाल्या होत्या. दोघी समोरासमोर आल्या आणि दहा हातांवर थबकल्या.

गल्ली काही अरुंद नव्हती. दोन म्हशी शेजारून जात एवढी होती. पण कोणीतरी एकीनं भिंतीला टेकून वाट द्यायला हवी होती, आणि भिंत ओवळी. शिवाय वाट देणं म्हणजे दुसरीचं सोवळं वरचढ कबूल करणं. दोघीही हलेनात. मार्गशीर्षातली थंडी, दोघींच्या अंगावर ओलेती, तरी हलेनात.

"या की रुक्मिणबाई."

"तुम्ही या की सरस्वतीबाई."

वसंतराव दारात दात घासत उभे होते. तेवढ्यात एक कुत्रं आलं. शेपूट हलवत, दोघींच्या बरोबर मधून, आत्याच्या पायाजवळ जरासं हुंगून निघून गेलं. दोघींनी पायही मागं घेतला नाही. कुत्र्याला सोवळं ओवळं नसतं. कोणाच्या तरी चुलीचा धूर आला, तोही दोघींमधून आरामात गेला.

वसंतरावांच्या हातातली राखुंडी तशीच राहिली. गल्ली रिकामी होती. कुत्र्याला विचाराल तर साफ रिकामी होती. आणि त्याच वेळी ती इतकी भरलेली होती की दोन मुठीएवढ्या म्हाताऱ्या तिच्यात मावत नव्हत्या. एक म्हणजे त्यांचा हात, दुसरी म्हणजे भिंत. ज्यांनी अणू रिकामा म्हटला, त्यांनी कुत्रं सोडून पाहिलं होतं!

ते मोठ्यानं हसले. आत्यानं त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते चूळही न भरता आत पळाले. ट्रंकेतून त्यांनी कॉलेजातली शेवटची वही काढली. वर्षाच्या अखेरीस त्यांच्या प्राध्यापकांनी सांगितलेलं आणि परीक्षेला येणार नाही म्हणून कधीच न वाचलेलं एक पान होतं. बर्क़िया धुळीच्या कणासारखा कुठं एका जागी नसतो, असं तिथं त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं. तो जौहरभर असतो, आणि दुसऱ्या बर्क़ियाला आपल्या जागेत येऊ देत नाही. वसंतराव ट्रंकेशीच मांडी घालून बसले आणि स्वतःला गाढव म्हणाले.

बुधवारी मुहतमिमसाहेब आले. पिकली दाढी, साधी शेरवानी, डोक्याला लाल तुर्की टोपी. पूर्वी बीडकडे नोकरी झालेली, त्यामुळे मराठी त्यांना सगळं समजे. मागच्या बाकावर ते भुजंगाशेजारीच बसले आणि त्यांच्याशेजारी शेषेराव. भुजंग आक्रसून अर्धा झाला होता.

किताब उघडून चार ओळी वाचल्या असत्या तर सगळं सुखानं पार पडलं असतं. त्यांनी किताब मिटला.

"गेल्या गुरुवारी मी तुम्हाला अणू रिकामा असतो असं शिकवलं," ते म्हणाले. "ते मी चुकीचं शिकवलं. भुजंगानं एक सवाल विचारला होता. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून पुढच्या इयत्तेत येईल अशी थाप मारली. भुजंग, पुन्हा विचार."

शेषेरावांना ठसका लागला. भुजंग साहेबांकडे पाहून म्हणाला, "न्हाई विचारत जी."

"विचारो बेटा," साहेब म्हणाले.

"समदं रिकामं हाय तर हात भितीत का जाईना?" भुजंग घाईघाईनं बोलून खाली बसला. पंजा काही त्यानं मारला नाही.

"माझी आत्या राममंदिराचा नैवेद्य करते," वसंतराव म्हणाले, "हे तुम्हाला माहीत आहे. ती केवढी आहे?"

"एवढी!" पोरांनी बाकाच्या उंचीइतका हात दाखवला. आत्या खरंच तेवढीच होती.

"मांजराला विचारलं तर तेवढीच. मांजर स्वयंपाकघरात शिरतं, तिच्या पाटाला घासून जातं. त्याच्या लेखी आत्या म्हणजे दीड हात आणि बाकी स्वयंपाकघर मोकळं. पण मी शिरलो तर? दोन हातांवर अडतो. तिनं मला हात लावलेला नसतो, मधे भिंत नसते, दोरी नसते. तरी पुढं जाता येत नाही. माझ्या लेखी आत्या स्वयंपाकघरभर आहे. आता खरी आत्या केवढी? दीड हात की स्वयंपाकघरभर?"

मग भुजंगच उठला. आता त्याची भीड चेपली होती. "मास्तर, मी त्या दिशी वही द्याया आलो व्हतो, तर आत्याबाईनं मला वसरीतच थांबीवलं. म्हंजी मला त्या वसरीपातुर हायेत."

काही पोरं हसली. वसंतरावांना हे सुचलं नव्हतं. सुचायला हवं होतं, आणि ते सुचलं नाही म्हणून त्यांचे कान गरम झाले. "हो," ते सावकाश म्हणाले. "तुझ्यासाठी ओसरीपर्यंत. ते बरं आहे असं मी म्हणत नाही. पण माप बरोबर सांगितलंस. कोण येतंय त्यावर ठरतं. अणूचंही तसंच. विद्युत्कण म्हणजे तटाकडेनं फिरणारा धुळीचा कण, हे मी चूक सांगितलं. तो अणूभर असतो. वेगाची, जड गोळी मारली तर तिला तो अडवू शकत नाही, ती मांजरासारखी जाते. पण तुझ्या हातातही अणूच आहेत, त्यांच्यातही विद्युत्कणच आहेत. हाताचे आणि भिंतीचे समोरासमोर आले की दोघंही म्हणतात, तिथंच! म्हणून हात जात नाही."

"मास्टर," मागून साहेब म्हणाले. शेषेरावांनी डोळे मिटले. "अकेला बर्क़िया, वो खुद कित्ता बड़ा है?"

"माहीत नाही साहेब. माझ्या माहितीत कोणाला त्याचा काठ सापडलेला नाही. आपण त्याच्याकडे काय पाठवलं आणि ते किती लांबून परत फिरलं, एवढंच सांगता येतं. कणाचं माप म्हणजे तेवढंच."

"किताब में तो लिखा है, जगह खाली है."

"कोणासाठी खाली, ते लिहायचं राहिलंय."

साहेबांनी दाढीवरून हात फिरवला. मग पोरांनाही कळेल अशा मराठीत म्हणाले, "आमच्या घरात दालनाला चिकाचा, बांबूच्या कामट्यांचा पडदा होता. पलीकडे माझी अम्मा. पाहुण्यांना आम्ही सांगायचो, तिकडे कोणी नाही, बसा आरामात. पण तिकडे कोणी पाय टाकत नव्हतं." एवढं बोलून त्यांनी शेऱ्याची वही मागवली आणि उर्दूत दोन ओळी लिहिल्या.

साहेबांचा टांगा वळल्यावर शेषेरावांनी वही उघडली. पहिली ओळ वाचली आणि त्यांचा चेहरा पडला. "मास्तर किताबाबाहेर शिकवतात." वसंतराव फळ्याला टेकले. रायचूर, दोन खोल्या आणि त्यांत एकटी आत्या, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग शेषेरावांनी चष्मा पुसून दुसरी ओळ वाचली. "त्यांना आतच ठेवावं. मुस्तकिल."

घरी जायला वसंतरावांना उशीर झाला, कारण वाटेत शेषेरावांनी पेढे घेतले आणि ते पेढे स्वतःच जास्त खाल्ले. पाच वाजून गेले होते. गल्लीतून वळताना रुक्मिणबाईंनी त्यांच्याकडे फार दयेनं पाहिलं, पण त्यांच्या ते लक्षात आलं नाही. नांदेडात बातमी माणसाच्या आधी पोचते. फक्त ती अर्धीच पोचते.

दारात ते थबकले. ओसरीवर एक वळकटी बांधून ठेवली होती. शेजारी तांब्याचे तीन गडू, तोंडाला फडकी घट्ट बांधलेले. आत्या संध्याकाळची आंघोळ करून आलवण नेसून उंबऱ्याच्या आत उभी होती.

"चूक कबूल केलीस म्हणे साहेबासमोर," ती म्हणाली. "बरं केलंस. खोटं शिकवू नये. पण मग आता तुला ठेवतंय कोण? रायचूरची गाडी कधी असते ते विचारून ये. पुजाऱ्यांना सांगून आले मी, उद्यापासून दुसरी बाई बघा म्हणून."

वसंतरावांनी ओसरीकडे बोट केलं. "हे गडू?"

"गंगा आहे. तिकडं कृष्णा आहे म्हणतात. तीत न्हाईन आणि वरून ही चमचा चमचा घालीन. दोन वर्षं पुरेल."

"आत्या, तू नांदेड सोडणार होतीस?"

"मग तुला एकट्याला पाठवू? तुला भाकरी तरी थापता येते का रे?"

मग वसंतरावांनी सांगितलं. मुस्तकिल झालो, इथंच. आत्या उंबऱ्यावर मटकन बसली. म्हणाली, "आल्या आल्या सांगायचं नाही का?" आणि मग, "माझ्याबद्दल काय बोललास शाळेत? रुक्मिणबाई सांगत होती, आत्याचं माप काढलं म्हणून."

"म्हणालो, आत्या स्वयंपाकघरभर असते." ते नेहमीच्या जागी, दोन हातांवर, जमिनीवर बसले. "लहानपणी मी इथं बसायचो ना, तेव्हा मला वाटायचं, मधे नुसती रिकामी जागा आहे आणि तू पलीकडे आहेस. गोवर आला तेव्हाही तसंच वाटलं. मला फार राग यायचा तुझा. काल कळलं." त्यांनी मधल्या जमिनीवरून बोट फिरवलं. "ती रिकामी नव्हती आत्या."

आत्या उठली, उंबरा ओलांडून सारवलेल्या जमिनीवर आली, आणि खाली वाकून तिनं त्यांच्या कपाळावर तळहात ठेवला. हात खरखरीत होता, त्याला राखेचा वास होता, आणि तो गार होता, कारण ती आत्ताच नदीवरून आली होती.

"आत्या, सोवळं..."

"कळतं मला."

तिनं हात तसाच ठेवला. ताप पाहायला जेवढा वेळ लागतो, त्याहून बराच जास्त वेळ ठेवला. मग काढला, दांडीवरचं दुसरं आलवण काठीनं ओढलं, घागर उचलली आणि ती बाहेर पडली.

गल्लीत रुक्मिणबाई न्हाऊन वर येत होत्या. दोघी समोरासमोर आल्या आणि रुक्मिणबाई सवयीनं दहा हातांवर थांबल्या.

"अगंबाई, आत्ताच तर न्हाऊन गेलात. पुन्हा?"

"हाव," आत्या म्हणाली. "पोराला शिवले."

आणि तिनं भिंतीला पाठ टेकून रुक्मिणबाईंना वाट दिली.